घरगुती फ्लाइट सिम्युलेटरसाठी भरवशाचा कंट्रोलर कसा निवडावा

फ्लाइट सिम्युलेटरच्या कंट्रोलरची जाहिरात बटणांच्या संख्येपासून सुरू होते आणि रंगीत दिव्यांवर संपते. ज्या गोष्टीवर त्याचा भरवसा खरोखर अवलंबून असतो, ती मात्र बारीक अक्षरांत सापडते किंवा सापडतच नाही. ती गोष्ट म्हणजे स्टिक सोडल्यावर ती मध्यभागी किती अचूकपणे परत येते आणि तेथे किती स्थिर राहते. सरळ उड्डाणात, वळणात किंवा धावपट्टीकडे उतरताना वैमानिकाचा हात बहुतेक वेळ मध्याच्या आसपासच्या अगदी लहान पट्ट्यातच हलत असतो. स्टिक टोकापर्यंत क्वचितच जाते. त्यामुळे मध्याजवळ अस्थिर असलेला कंट्रोलर इतर सर्व बाबतींत उत्तम असला, तरी उड्डाणासाठी निरुपयोगी ठरतो. पुढील सर्व पायऱ्या हाच निकष डोळ्यांसमोर ठेवून मांडल्या आहेत.

प्रथम विमान ठरवावे, मग उपकरण

पहिला निर्णय दुकानात नव्हे, तर सिम्युलेटरमध्ये घ्यायचा असतो. आपण बहुतेक वेळ कोणते विमान उडवणार आहोत, यावर उपकरणाचा प्रकार ठरतो. सेस्ना १७२ किंवा बोइंग ७३७ यांच्या कॉकपिटमध्ये योक असतो, म्हणजे पुढे-मागे सरकणारे आणि डावी-उजवीकडे फिरणारे अर्धवट चाक. एअरबस ए३२० हे १९८८ मध्ये सेवेत आलेले विमान मात्र बाजूला बसवलेल्या लहान स्टिकवर चालते. त्यातही कॅप्टनची स्टिक त्याच्या डाव्या हाताला असते आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती ठरवणारी लिव्हर, उजव्या हाताला. ज्यांना कॅप्टनच्या आसनाचा सराव करायचा आहे, त्यांनी डाव्या हातातही नीट बसणारी स्टिक घ्यावी. केवळ उजव्या हातासाठी घडवलेली मूठ डाव्या हातात धरून तासभर उडणे मनगटाला मानवत नाही. थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम आणि तिच्यावर आधारलेली एअरबस साइडस्टिक या दोन्हींच्या मुठीचे भाग बदलून त्या कोणत्याही हातासाठी जुळवता येतात.

लढाऊ विमानांसाठी स्टिक आणि थ्रॉटल या दोहोंवर भरपूर बटणे असलेली जोडी लागते, कारण तेथे हात नियंत्रणांवरून न उचलता रडार आणि शस्त्रे हाताळायची असतात. हेलिकॉप्टरची गोष्ट वेगळी आहे. त्याची सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टर पुढे-मागे आणि बाजूंना कलवणारी, स्टिक मध्यभागी परत ओढणारी जोरदार स्प्रिंग त्रासदायक ठरते, म्हणून स्प्रिंग सैल करता येणारी किंवा काढता येणारी रचना तेथे अधिक उपयोगी पडते.

सगळेच थोडे थोडे उडवायचे असेल, तर माझ्या मते प्रश्न सोपा आहे: योकऐवजी स्टिक घ्यावी. स्टिकवर सेस्ना उडवणे थोडे अवास्तव वाटते, पण ते जमते; योकवर लढाऊ विमान किंवा हेलिकॉप्टर उडवण्यात मात्र काही अर्थ उरत नाही.

ज्या यंत्रावर जोडायचे, त्याची अट

संगणकासाठी बनवलेला यूएसबी कंट्रोलर एक्सबॉक्स किंवा प्लेस्टेशनवर आपोआप चालेल असे गृहीत धरू नये. बहुतेक चालत नाहीत. थ्रस्टमास्टरच्या टी.फ्लाइट हॉटस वन आणि हॉटस ४ या दिसायला जवळजवळ सारख्या जोड्यांपैकी पहिली एक्सबॉक्ससाठी आहे आणि दुसरी प्लेस्टेशनसाठी, जरी दोन्ही संगणकावर चालतात. खोक्यावर आपल्या यंत्राचे नाव स्पष्ट छापलेले नसेल, तर ते उपकरण घेऊ नये.

मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्यांनी आणखी एक बाब तपासावी. एक्स-प्लेन हा सिम्युलेटर या दोन्ही प्रणालींवर चालतो, परंतु अनेक कंट्रोलरांचे जुळवणी करण्याचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते. ज्या उपकरणात जुळवणी त्याच्या स्वतःच्या स्मृतीत साठवली जाते, ते एकदा विंडोजवर जुळवून नंतर दुसऱ्या संगणकावर नेता येते. ज्याची जुळवणी सॉफ्टवेअर सतत सुरू राहण्यावर अवलंबून असते, त्याचे निम्मे गुण इतरत्र वाया जातात.

टेबल, खुर्ची आणि मोजपट्टी

खरेदीपूर्वी टेबलाच्या कडेची जाडी, कडेखाली असलेली मोकळी जागा आणि टेबलापासून मांडीपर्यंतचे अंतर मोजून ठेवावे. योक क्लॅम्पने बसवला जातो आणि त्याचा दांडा मागे ओढला की तो पोटाच्या दिशेने येतो, तर क्लॅम्पचे स्क्रू गुडघ्यांच्या वाटेत येतात. टेबलाखाली कीबोर्डचा सरकता खण असेल, तर क्लॅम्प बहुधा बसतच नाही. हलक्या तळाची स्टिक जोराने ओढली असता संपूर्ण तळच उचलला जातो आणि हाताने दिलेली हालचाल सेन्सरपर्यंत पूर्ण पोहोचत नाही. अशी स्टिक खालून क्लॅम्पने किंवा स्क्रूने टेबलाला पक्की केल्यावर तिच्या अचूकतेत जो फरक पडतो, तो कित्येकदा महागड्या मॉडेलनेही पडत नाही.

रडर पेडल, म्हणजे विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणारी पायाची नियंत्रणे, घ्यायची असतील, तर खुर्चीची चाके हा मोठा शत्रू आहे. पेडल जोराने दाबताच खुर्ची मागे सरकते. चाके अडवण्याची किंवा पेडल आणि खुर्ची एकमेकांना पट्ट्याने बांधण्याची व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी.

आत काय आहे: सेन्सर

स्टिकची स्थिती ओळखण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पोटेन्शिओमीटरमध्ये विद्युतरोध असलेल्या पट्टीवर एक स्पर्शक घासत सरकतो आणि त्याच्या जागेनुसार व्होल्टेज बदलते. ही पद्धत स्वस्त आहे, परंतु घासणारी कोणतीही वस्तू झिजते. येथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी की झीज पट्टीभर सारखी होत नाही. हात सर्वाधिक वेळ मध्याजवळच असतो, म्हणून पट्टी नेमकी मध्याजवळच आधी खराब होते, म्हणजे जेथे अचूकता सर्वांत जास्त हवी तेथेच. त्यानंतर स्थिर धरलेल्या स्टिकचेही मूल्य अचानक उड्या मारू लागते आणि विमान सरळ उडताना विनाकारण झटके देते.

दुसरी पद्धत चुंबकीय आहे. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेला हॉल सेन्सर चुंबकाची जागा त्याला स्पर्श न करता ओळखतो. चुंबकीय क्षेत्रामुळे रोध बदलणाऱ्या पदार्थांवर आधारलेले मॅग्नेटोरेझिस्टिव्ह सेन्सरही याच गटातले. घासणे नाही, म्हणून सेन्सरची झीजही नाही. आयुष्याच्या दृष्टीने मी मुख्य दोन अक्षांवर, म्हणजे हालचालीच्या दिशांवर, बिनस्पर्शी सेन्सर ही जवळजवळ अनिवार्य अट मानतो.

तथापि ‘हॉल सेन्सर असलेली स्टिक’ या शब्दांवर थांबू नये. तो सेन्सर कोणकोणत्या अक्षांवर आहे, हे विचारावे. उदाहरणार्थ, टी.१६०००एम या स्टिकमध्ये पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे या दोन अक्षांवर हॉल सेन्सर आहे, पण मूठ पिळून रडर चालवण्याचा अक्ष पोटेन्शिओमीटरवर चालतो. अशी मिश्र रचना सर्रास आढळते. पिळण्याच्या अक्षाला मुठीच्या लहान जागेत बसावे लागते, त्याच्यावर हाताचा सगळा जोर येतो आणि तेथून तारांचा गुंता जातो, म्हणून तो बहुधा सर्वांत आधी कुरकुरू लागतो. पुढे पेडल घ्यायचीच असतील, तर हा दोष फारसा महत्त्वाचा नाही.

रिझोल्यूशनच्या आकड्यांनी भारावून जाण्याचे कारण नाही. ८ बिटांचा अक्ष २५६ पायऱ्या देतो, १० बिटांचा १०२४, १२ बिटांचा ४०९६ आणि १६ बिटांचा ६५,५३६. स्टिकची एकूण हालचाल ४० अंश धरली, तर १० बिटांची एक पायरी सुमारे ०.०४ अंशाची होते, जी हाताला जाणवणे अवघड आहे. मात्र सांध्यात अर्ध्या अंशाची ढिलाई असेल, तर १२ बिटांच्या सुमारे ५० पायऱ्या त्या ढिलाईतच हरवतात. तराजूच्या तबकडीवर कितीही बारीक खुणा कोरल्या, तरी दांडीचा खिळाच सैल असेल तर वजन बरोबर येत नाही. म्हणून १० बिटांच्या पुढे गेल्यावर आकड्यांपेक्षा सांध्याची चौकशी करावी.

सांधा आणि स्प्रिंग

सेन्सरइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व गिंबलला आहे. गिंबल म्हणजे स्टिकला दोन दिशांनी हलू देणारा सांधा. स्वस्त स्टिकमध्ये मुठीखाली एकच मोठी स्प्रिंग असते आणि ती एका चकतीला तळावर दाबून धरते. स्टिक कलली की चकतीची कड उचलली जाते. ही रचना साधी आहे आणि सहसा मोडत नाही, पण चकती व तळ यांच्यातील घर्षणामुळे मध्यातून बाहेर पडताना सुरुवातीला एक अडखळ जाणवते. हात थोडा जोर लावतो, काहीच घडत नाही. मग स्टिक एकदम सुटते आणि हवे त्यापेक्षा जास्त हलते. उतरताना विमानाचे नाक वर-खाली डोलत राहण्यामागे नवशिक्याचा हात जितका कारणीभूत असतो, तितकीच ही अडखळही असते.

वरच्या दर्जाच्या स्टिकमध्ये प्रत्येक अक्षाला वेगळी स्प्रिंग आणि वेगळा कॅम, म्हणजे स्प्रिंगचा जोर ठरवणारा घडीव तुकडा, असतो, तसेच सांध्यात बेअरिंग असतात. कॅमच्या आकारावर मध्यभागी खाच जाणवेल की हालचाल सलग राहील, हे ठरते. व्हीकेबीच्या ग्लॅडिएटर एनएक्सटीसारख्या तुलनेने हलक्या स्टिकमध्येही मुख्य अक्षांवर बिनस्पर्शी सेन्सर असतात आणि स्प्रिंग बदलता येतात. स्प्रिंग बदलण्याची सोय मला बटणांच्या दुसऱ्या पंगतीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते, कारण हाताला योग्य वाटणारा जोर प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो काही आठवडे उडवल्याखेरीज कळत नाही.

धातू असला की उत्तम आणि प्लास्टिक असले की कच्चे, हा समज मात्र बाजूला ठेवावा. चांगल्या प्रतीच्या प्लास्टिकचा नीट बसलेला सांधा हा ढिसाळपणे जोडलेल्या धातूच्या सांध्यापेक्षा अधिक वर्षे टिकतो. जड धातूची मूठ हलक्या स्प्रिंगवर बसवली, तर ती स्वतःच्या वजनानेच एका बाजूला झुकते.

योकच्या बाबतीत फिरण्याचा एकूण कोन पाहावा. हनिकोंबचा अल्फा योक एकूण १८० अंश फिरतो, तर लॉजिटेकचा जुना योक ९० अंश. विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या, पंखांवरील एलेरॉनची तीच हालचाल निम्म्या कोनात बसवली की प्रत्येक अंशाचा परिणाम दुप्पट होतो आणि बारीक दुरुस्ती करणे कठीण जाते. याशिवाय योकचा दांडा मागे-पुढे सरकताना अडकतो का, हे अवश्य पाहावे. विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या एलेव्हेटरच्या अक्षावरील घर्षण हीच योकची नेहमीची दुखरी जागा आहे.

फोर्स फीडबॅक असलेल्या स्टिकमध्ये स्प्रिंगऐवजी मोटर जोर निर्माण करते. त्याचा सर्वांत मोठा फायदा थरथर जाणवण्यात नसून ट्रिममध्ये आहे, म्हणजे सतत जोर न लावता विमान ठरावीक स्थितीत राहील अशी जुळवणी करण्यात. खऱ्या लहान विमानात ट्रिम केल्यावर योक नव्या जागी हलका होऊन थांबतो. स्प्रिंगवरच्या उपकरणात मात्र तो नेहमी भौतिक मध्याकडेच जातो, म्हणून ट्रिम करत करत स्टिक हळूहळू मध्याकडे सोडावी लागते. मोटर हा मध्यच हलवू शकते. असे उपकरण जड, महाग आणि वेगळा वीजपुरवठा मागणारे असते. शिवाय आपला सिम्युलेटर त्याला कितपत साथ देतो, हे खात्रीने कळल्याशिवाय त्यात पडू नये.

थ्रॉटल आणि पेडल

थ्रॉटलमध्ये मध्यभागी परत येण्याचा प्रश्न नसतो. तेथे घर्षण हवेच असते, पण ते सर्वत्र सारखे हवे. घर्षण कमी-जास्त करण्याचा स्क्रू असल्यास उत्तम. एअरबस उडवणाऱ्यांना लिव्हरवर ठरावीक खाचा लागतात, कारण त्या विमानात ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनाची शक्ती आपोआप सांभाळणारी यंत्रणा, सुरू असताना लिव्हर खाचेतच राहते आणि इंजिनाची शक्ती मात्र बदलत असते. प्रोपेलरच्या विमानांसाठी थ्रॉटल, प्रोपेलर आणि इंधन-हवेचे मिश्रण अशा तीन लिव्हर सोयीच्या पडतात.

पेडल पहिल्याच दिवशी घेण्याची गरज नाही, परंतु प्रोपेलरची विमाने किंवा हेलिकॉप्टर उडवायचे असेल, तर दुसरी खरेदी तीच असावी. आडव्या वाऱ्यात उतरताना एका हाताने एलेरॉन आणि त्याच मनगटाने पिळून रडर सांभाळणे अवघड जाते, कारण दोन्ही हालचाली एकमेकींत मिसळतात. पेडलांमधील अंतर फार कमी असेल, तर गुडघे जवळ ओढून बसावे लागते. हे छायाचित्रात कळत नाही, म्हणून मापे वाचावीत.

खरेदीपूर्वीची चौकशी

मॉडेलचे नाव तेच ठेवून आतले भाग बदलले जाण्याची उदाहरणे आहेत आणि कंपन्यांचे हातही बदलतात. सायटेकची उत्पादने २०१६ पासून लॉजिटेकच्या मालकीत आहेत. त्यामुळे जुन्या अभिप्रायांवर विसंबू नये आणि वर्षभर वापरल्यानंतर लिहिलेले अलीकडचे अभिप्राय शोधावेत. पहिल्या आठवड्यातील कौतुकाला टिकाऊपणाच्या दृष्टीने फारसे महत्त्व नसते. स्प्रिंग, केबल आणि सेन्सर सुटे मिळतात का, तळ साध्या स्क्रूने उघडतो का, तो उघडल्यास वॉरंटी जाते का आणि परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे, हे प्रश्न लेखी विचारावेत. केबल तळातून जेथे बाहेर येते तेथे रबरी आधार आहे की ती थेट छिद्रातून निघते, हेही पाहावे.

वापरलेले उपकरण घेताना विक्रेत्याकडून फक्त बाह्य छायाचित्रे नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावर अक्षांची हालचाल दाखवणारा व्हिडिओ मागावा.

घरी आल्यावर: पहिली तपासणी

उपकरण सिम्युलेटरमध्ये जोडण्याआधी तपासावे, कारण सिम्युलेटरचा डेडझोन, म्हणजे मध्याजवळचा ज्यातील हालचाल दुर्लक्षित केली जाते तो पट्टा, लहान दोष झाकतो. विंडोजमध्ये ‘सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स’ या नावाने शोध घेतल्यास अक्ष आणि बटणे दाखवणारी खिडकी उघडते. लिनक्सवर जेएसटेस्ट हे साधन आहे. शक्यतो अक्षाचे प्रत्यक्ष आकडे दाखवणारे साधन वापरावे, कारण नुसत्या हलत्या खुणेवर बारीक थरथर दिसत नाही.

प्रथम हात न लावता उपकरण काही मिनिटे तसेच ठेवावे आणि आकडे पाहावेत. शेवटच्या एक-दोन पायऱ्यांमधील हलकी चुळबुळ चालते. अचानक मोठी उडी चालत नाही. त्यानंतर स्टिक पूर्ण डावीकडे नेऊन हळूच परत आणून सोडावी आणि आकडा लिहावा. मग हेच उजवीकडून, पुढून आणि मागून करावे. चारही बाजूंनी परत येताना मिळालेल्या आकड्यांतील फरक म्हणजेच त्या स्टिकची मध्याची चूक होय. हा फरक एकूण पल्ल्याच्या एक-दोन टक्क्यांपर्यंत असेल, तर लहान डेडझोनने तो सांभाळता येतो. त्याहून बराच मोठा असेल, तर मुदत संपण्याआधी उपकरण परत करावे.

पुढे प्रत्येक अक्ष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शक्य तितक्या हळू न्यावा. आकडा सलग वाढला पाहिजे. तो कोठे अडकून पुढे उडी मारतो का, टोकाच्या आधीच कमाल गाठतो का, हे नोंदवावे. एकच अक्ष हलवताना दुसऱ्या अक्षाचा आकडाही हलत असेल, तर तो हाताचा दोष आहे की सांध्याचा, हे पुन्हा करून ठरवावे. शेवटी प्रत्येक बटण दाबून एका दाबात दोन नोंदी होत नाहीत ना, हे पाहावे. या आकड्यांचा कागद जपून ठेवावा; वर्षभरानंतर झीज झाली की नाही, हे त्याच्याशी ताडून पाहता येते.

सॉफ्टवेअरमधील जुळवणी

नवे उपकरण जोडताच सिम्युलेटर त्याला स्वतःच काही कामे नेमून देतो आणि त्यातून एकाच अक्षावर दोन उपकरणांची नेमणूक होते. विमान अनाकलनीयपणे वागू लागले की प्रथम ही दुहेरी नेमणूक शोधून काढावी. पेडल जोडल्यावर विमान धावपट्टीवरून हलतच नसेल, तर ब्रेकचा अक्ष उलटा आहे, अशी शक्यता मोठी असते. तो अक्ष उलटवला की प्रश्न सुटतो.

डेडझोन शून्यापासून सुरू करून फक्त मध्याची चूक झाकली जाईल इतकाच वाढवावा. संवेदनशीलतेचा वक्र मध्याजवळ सौम्य केल्यास लहान पल्ल्याच्या स्टिकवर बारीक हालचाल सोपी होते, परंतु टोकाजवळ ती तितकीच तीव्र होते. हेलिकॉप्टरसाठी आणि लांब दांड्याच्या स्टिकसाठी वक्र सरळ ठेवणेच बरे.

उड्डाणाच्या मध्येच उपकरणाची संगणकाशी जोडणी तुटत असेल, तर ते सदोष ठरवण्यापूर्वी यूएसबीची वीज वाचवण्याची सोय बंद करावी आणि उपकरण हबऐवजी थेट संगणकाला जोडून पाहावे. हब लागणारच असेल, तर स्वतंत्र वीजपुरवठ्याचा घ्यावा.

देखभाल

वापर नसताना उपकरण कापडाने झाकावे आणि हलवताना मुठीला नव्हे, तर तळाला धरून उचलावे. पोटेन्शिओमीटर उड्या मारू लागल्यास केबल काढून, प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर आत फवारून अक्ष अनेकदा पूर्ण फिरवल्यावर काही काळ सुधारणा होते. झिजलेली पट्टी मात्र त्याने भरून येत नाही आणि सेन्सर बदलावाच लागतो. सांध्याला घरातले कोणतेही तेल लावू नये, कारण काही तेलांनी प्लास्टिक ठिसूळ होते आणि धूळ चिकटते. त्यासाठी प्लास्टिकला सुरक्षित असे घट्ट डॅम्पिंग ग्रीस अगदी पातळ थराने वापरावे. बिनस्पर्शी सेन्सरच्या स्टिकमध्ये मध्य अचानक सरकल्यास आतला चुंबक चिकटवलेल्या जागेवरून सुटला आहे का, हे आधी पाहावे, आणि जवळ ठेवलेला स्पीकर दूर करून पुन्हा आकडे घ्यावेत.